मागावरचे हात, मागाखालचे पाय : मामांच्या स्लाइड्सच्या प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४

मामांच्या घरच्या माळ्यावरची लोखंडी ट्रंक आज खाली उतरवली. आत प्लास्टिकच्या डब्यांमध्ये स्लाइड्स (प्रोजेक्टरने पडद्यावर दाखवायची, चौकटीत बसवलेली फिल्म), एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कृष्णधवल निगेटिव्ह, जुने पासपोर्ट आणि खिशात मावतील अशा डायऱ्यांचा गठ्ठा. काही डब्यांवर फक्त ‘घाना’, ‘जपान २’ एवढंच लिहिलेलं. काहींवर काहीच नाही.

नव्या माणसाच्या सोयीसाठी थोडक्यात: मामा सोलापूरचे. मिलमध्ये उमेदवार म्हणून लागले, पुढे यंत्रमागाचे जॉबर (माग लावून देणारे मुकादम) झाले, चादरीचं जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणणारं यंत्र, बसवण्यात हात बसला. नंतर टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात लागले आणि यंत्रांच्या, मालाच्या कामासाठी जगभर फिरले. रजा साठवून स्वतःच्या खर्चानेही गेले. निवृत्तीनंतर तर फक्त स्वतःसाठीच फिरले. आता ऐंशी ओलांडली आहे. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्याने कान जवळपास गेले आहेत. स्मरणशक्ती मात्र लख्ख आहे.

कामाचा हेतू मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. स्लाइड संगणकावर आणणं हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे प्रत्येक चित्रात कोण आहे, कुठे आहे, हाताशी काय काम चाललं आहे, हे मामांच्या तोंडून लिहून घेणं. पहिला भाग दहा वर्षांनीही होईल. दुसरा आत्ताच व्हायला हवा.

बिस्किटाचा डबा उघडताच व्हिनेगरचा वास आला. जुन्या फिल्मचा पाया ॲसिटेटचा असतो. उष्णतेने तो विघटित होऊन ॲसेटिक ॲसिड सोडतो, आणि ते ॲसिडच पुढचं विघटन आणखी वेगाने करतं. बंद डब्यात वाफ कोंडून राहते. आपल्याकडचे एप्रिल-मे आठवले की पत्र्याखालच्या माळ्यावर या निगेटिव्हनी काय सोसलं असेल ते कळतं. त्या वेगळ्या करून कागदी पाकिटांत ठेवल्या. स्कॅन करताना पहिला नंबर त्यांचाच.

१९ ऑक्टोबर

साहित्य जमलं. कॅमेरा, मॅक्रो लेन्स, खालून उजेड देणारी सपाट पेटी, फुंकणी, मऊ ब्रश. फ्लॅटबेड स्कॅनर नको असं ठरवलं, तो फार वेळ खातो. ३५ मिलिमीटरची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर. इंचाला ४००० ठिपके धरले तर साधारण २१ मेगापिक्सेलची फाइल होते, सोळा बिटच्या टिफमध्ये १२५ एमबीच्या वर. म्हणजे हार्ड डिस्क मोठी लागणार.

बुरशी आलेल्या स्लाइड्सना पाणी लावायचं नाही. बुरशी फिल्मवरचं चित्र धरून ठेवणारं जिलेटिन खाते, ते पाण्यात विरघळू लागतं आणि चित्रच निघून येतं. सोलापूरची हवा कोरडी म्हणून असल्या स्लाइड्स थोड्याच आहेत.

२७ ऑक्टोबर

तारखा लावायला सुरुवात. कोडॅक्रोम या रंगीत स्लाइड फिल्मच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना आणि साल छापलेलं असतं, पण ते फिल्म धुतल्याचं, फोटो काढल्याचं नव्हे. मामा फिल्म महिनोन्‌महिने बॅगेत ठेवत. त्यामुळे छापील महिना ही फक्त शेवटची हद्द. खरी तारीख पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून आणि डायरीवरून काढायची.

डायऱ्या म्हणजे मुख्यतः हिशेब. बसभाडं, पाव, चहा, फिल्मचा रोळ. सत्तरच्या दशकात परदेशी जायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे, डॉलर मोजून मिळत. त्यामुळे ही पै-पैची नोंद. हिशेबाच्या खाली एखादी ओळ प्रवासाची असते. तेहरानच्या एका पानावर खाण्याचा खर्च शून्य आहे आणि खाली लिहिलंय: ‘गुरुद्वारात जेवलो. वाढणाऱ्याने सोलापूर कुठे विचारलं. पंढरपूरजवळ म्हटलं.’

मामांना ते वाचून दाखवलं (म्हणजे मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं). ते म्हणाले, “अगं, परदेशात सोलापूर कुणाला ठाऊक नसतं. पंढरपूर तरी एखाद्याने ऐकलेलं असायचं.”

३ नोव्हेंबर

दिवाळीची माणसं घरात. सगळ्यांना आयफेल टॉवर बघायचा होता. आहे, एकच स्लाइड, वाकडी. मग अफगाणिस्तानातलं बामियान दाखवलं आणि सगळे गप्प झाले. १९७७ साली मामा दिल्लीहून विमानाने काबूलला गेले आणि तिथून बसने हेरात, मशहद, तेहरान, तबरीझ करत तुर्कस्तानात उतरले. दोनच वर्षांत तो रस्ता बंद झाला. इराणमध्ये क्रांती झाली, १९७९ च्या डिसेंबरात अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या. बामियानच्या दोन बुद्धमूर्ती, ५५ आणि ३८ मीटर उंचीच्या, मार्च २००१ मध्ये सुरुंग लावून पाडल्या. मामांच्या चौकटीत थोरली मूर्ती आहे आणि तिच्या पायाशी गाढवावर गवत लादणारा माणूस. आज त्या गवतवाल्याकडेच मी जास्त वेळ बघत बसले. मूर्तीचे फोटो जगात हजारो असतील.

१० नोव्हेंबर

आज एक गोष्ट लक्षात आली, आणि प्रकल्पाची दिशा तिथेच बदलली.

घानाचा डबा लावत होते. कुमासीजवळ बोनवायर नावाचं गाव आहे, केंटे कापडासाठी प्रसिद्ध. तिथल्या मामांच्या स्लाइड्समध्ये रंगीत कापड जवळजवळ नाहीच. पाय आहेत. विणकराचे उघडे पाय, अगदी जवळून. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात दोरीला बांधलेली छोटी चकती धरलेली आहे. ती दोरी वर जाऊन ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलते. डावा पाय दाबला की एक थर उघडतो, उजवा दाबला की दुसरा. अंगठ्याच्या आतल्या बाजूला घट्टा पडलाय, पिवळट, मधोमध भेग असलेला. ताणा पुढे कितीतरी हात लांब गेलाय आणि त्याच्या टोकाला लाकडी घसरणीवर दगड ठेवलाय. कापड विणत जाईल तशी ती घसरण धुळीतून विणकराकडे सरकत येते. पट्टा जेमतेम चार इंच रुंद. असे पट्टे शेजारी शेजारी शिवून मोठं वस्त्र होतं.

मग मागचे डबे पुन्हा उघडले. पेरूमधलं चिंचेरो: एका बाईने ताण्याचं एक टोक खुंटाला आणि दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला बांधलंय. ती मागे रेलली की ताण येतो, पुढे वाकली की सैल. चौकटीत तिची कंबर आणि पसरलेले पाय, चेहरा नाही. जपानमधल्या क्योतोचं निशिजिन: एका म्हाताऱ्या विणकराची बोटं. नखांच्या कडेला कानशीने पाडलेल्या बारीक खाचा. बाण्याचा, म्हणजे आडवा, रेशमी धागा तो त्या खाचांनी ओढून बसवतो, फणीने (धागा ठोकून बसवणाऱ्या मागाच्या कंगव्याने) नव्हे. आणि सगळ्यात जुनी, सोलापुरातलीच, कृष्णधवल: साखर पेठेतल्या एका घरात हातमागाच्या खड्ड्यात उतरलेले दोन पाय, पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर. ते आजोबांचे. मामांनी सांगितल्यावर कळलं.

मी पाटीवर लिहिलं, “मामा, तुम्ही पायांचे फोटो का काढायचात?”

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तोंड बघायला सगळेच येतात. आपल्याकडे पाहुणा आला की चादरीची नक्षी बघून जायचा. खड्ड्यात बाबांचे पाय दिवसभर असायचे, ते कुणी वाकून बघितले नाहीत. मला कुठेही गेलं की पहिलं तेच बघावंसं वाटायचं. पाय बघितले की तो माग कसा चालतो ते कळतं.”

देशांप्रमाणे डबे लावायचे ठरले होते. तो विचार सोडला. आता मांडणी कामाप्रमाणे: पाय, हात, ताणा भरणं, कांडी (आडव्या धाग्याची) भरणं, रंगणी, बाजार. देश त्याच्या आत.

१७ नोव्हेंबर

बुर्सा, १९७७. मामांच्या पहिल्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम तुर्कस्तानातलं हे शहर होतं, आणि ते तिथे ठरवून गेले होते. ज्या कापडावर पुढे त्यांचं घर चाललं, तो लूपचा टॉवेल जगाने पाहिला तो इथला. १८५० च्या सुमारास हेन्री ख्रिस्ती नावाचा इंग्रज तुर्कस्तानात आला. त्याने हे कापड मायदेशी नेलं, ख्रिस्तींच्या गिरणीतल्या सॅम्युअल होल्टने ते यंत्रावर विणण्याची युक्ती काढली आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात टॉवेल मांडले गेले. त्याआधी बुर्सात हे हातमागावर, हमामासाठी विणत.

एका स्लाइडवर मामा तासभर बोलले. मागाच्या बाजूने घेतलेला फोटो, एकावर एक दोन बीम, म्हणजे ताणा गुंडाळलेले रूळ. खालच्या बीमवरचा ताणा ताठ, वरच्यावरचा सैल. मी नुसता फोटो बघून कधीच ओळखलं नसतं, म्हणून त्यांचं सांगणं जसंच्या तसं इथे ठेवते:

“ताठ ताण्याने कापड धरतं, सैल ताण्याने लूप होतो. दोन आडवे धागे टाकायचे, पण फणी पुरती पुढे न्यायची नाही. मध्ये जागा सोडायची. तिसरा धागा टाकला की फणी पूर्ण ठोकायची. तिन्ही धागे एकत्र पुढे सरकतात. ताठ ताण्यावरून घसरत जातात, पण सैल ताणा त्यांच्याबरोबर पुढे येतो आणि मध्ये उरलेली त्याची लांबी वर उभी राहते. तोच लूप. जागा जास्त सोडली तर लूप उंच, टॉवेल जाड. कमी सोडली तर पातळ. आपल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जा, यंत्र कितीही नवं असू दे, हेच चाललंय.”

हे बोलताना त्यांचा उजवा हात फणीसारखा मागेपुढे होत होता: दोनदा थोडा, तिसऱ्यांदा पुरता. मोबाइलवर त्याचं चित्रीकरण केलं आणि स्लाइडच्या फाइलला जोडलं. ठरलं, यापुढे प्रत्येक बैठक चित्रित करायची. हात बोलतात ते लिहून उतरत नाही.

२४ नोव्हेंबर

दुपारी वीज गेली, संध्याकाळी आली. तेवढ्यात प्रतींची व्यवस्था केली: एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक पुण्याला मावसभावाकडे. फाइलचं नाव साल, गाव, काम आणि क्रमांक असं. मराठी मथळा फाइलच्या आतच भरते आहे, म्हणजे चित्र कुठेही गेलं तरी माहिती बरोबर जाईल.

९ डिसेंबर

आज डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा स्मृतिदिन. मुद्दाम चीनचा डबा आजसाठी राखून ठेवला होता.

कोटणीस सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ मध्ये काँग्रेसने युद्धात होरपळणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथेच लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात त्यांची समाधी आहे, त्याच आवारात कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथून यांचीही.

मामा तिथे कामासाठीच गेले होते. शिजियाझुआंग कापूस गिरण्यांचं शहर. एक दिवस मोकळा मिळाला आणि ते समाधीवर गेले. साऱ्या ट्रंकेत मामा स्वतः फार थोड्या चौकटींत आहेत, आणि त्यातली ही एक: पुतळ्याशेजारी ताठ उभे, हात शरीराला चिकटलेले, शाळेतल्या मुलाने प्रार्थनेला उभं राहावं तसे. डायरीत त्या दिवशीचा हिशेब नाही. एकच ओळ आहे: ‘आपल्या गावचा माणूस. इथे सगळ्यांना नाव ठाऊक.’

संध्याकाळी त्यांना रिक्षाने भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकापर्यंत घेऊन गेले. स्लाइडची छापील प्रत बरोबर होती. ते आत फार बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, “आपली पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली तरी आपण रडतो.”

१२ जानेवारी २०२५

मधले काही आठवडे फक्त स्कॅनिंग. लिहिण्यासारखं नाही.

आज फ्रान्समधलं लिऑं, १९८५. क्रॉ-रूस टेकडीवरची विणकरांची घरं. छत चार मीटर उंच, कारण मागावर जॅकार्ड बसवायचं तर तेवढी उंची लागते. जॅकार्डचं यंत्र १८०४ चं. भोकं पाडलेली कार्डं साखळीने जोडून फिरवायची. भोक असेल तिथे सुई आत जाते, धागा उचलला जातो. नसेल तिथे धागा खाली. १८३९ मध्ये याच गावात हे यंत्र काढणाऱ्या जोसेफ मारी जॅकार्डचंच एक रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला चोवीस हजार कार्डं लागली. सोलापुरी चादरीवरचा मोर याच तत्त्वाने उतरतो. मामांनी लिऑंला सुतळीने ओवलेली कार्डं बघितली आणि तिथल्या माणसाला, भाषा येत नसताना, एक कार्ड उलटं लागलंय हे बोटाने दाखवून दिलं. तसा फोटो आहे: कार्डांवर ठेवलेलं मामांचं बोट आणि कडेला त्या माणसाची हसरी हनुवटी.

लिऑंच्या विणकरांनी १८३१ मध्ये विणकामाच्या दरासाठी उठाव केला. त्यांचं घोषवाक्य: काम करत जगू, नाहीतर लढत मरू. मामांनी ते कुणाकडून तरी समजून घेतलं आणि डायरीत खाली लिहिलं: ‘आपले चार हुतात्मे.’

आज तारीखही तीच. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर पेटलं, लष्करी कायदा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिलं. सकाळी पुतळ्याला हार घालून आल्यावरच ही नोंद लिहायला बसले. त्या उठावात गिरणी कामगार होते, हे आमच्या पूर्व भागात अजून घराघरांत सांगितलं जातं. मामांनी लिऑं आणि सोलापूर एका पानावर आणलं. प्रदर्शनात ही दोन्ही शेजारी लावणार आहे, कुणी काहीही म्हणो.

१४ जानेवारी

गड्डा, सिद्धेश्वराची यात्रा. काम बंद.

२६ जानेवारी

इंग्लंड, लँकेशायर. बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल, वाफेवर चालणारी विणकाम गिरणी. १९८२ ला बंद पडली, आता संग्रहालय आहे. वाफेच्या इंजिनाचं नाव ‘पीस’, आणि त्याच्या पट्ट्यांवर शेकडो माग.

मामा तिथे गेले तेव्हा एक वयस्क बाई पाहुण्यांना माग चालवून दाखवत होत्या. आवाज एवढा की कुणालाच काही ऐकू येईना. लँकेशायरच्या विणकर बायका गिरणीत एकमेकींशी ओठांच्या हालचालींनी आणि हातवाऱ्यांनी बोलत. त्या बाईंनाही ते येत होतं. मामांचे कान तेव्हाच अधू झाले होते. ते सांगतात, साऱ्या इंग्लंडात त्यांना सगळ्यात नीट कळलेलं बोलणं ते. धोट्यातून (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातून) धागा कसा ओढायचा हे तिने तोंडाजवळ हात नेऊन दाखवलं. जुन्या धोट्याच्या भोकाला ओठ लावून श्वासाने धागा ओढून घेत. त्याने दात जात, रोग पसरत. १९५२ मध्ये इंग्लंडात त्याला बंदी आली. मामांनी मान हलवली आणि स्वतःच्या पुढच्या दाताकडे बोट केलं. त्यांनीही उमेदवारीत हेच केलं होतं.

तिचा फोटो आहे. पुन्हा फक्त हात आणि धोटा. नाव डायरीत नाही. अशा सगळ्यांसाठी मथळ्यात ‘नाव नोंदलेलं नाही’ असं स्पष्ट लिहिते आहे. ‘एक विणकर’ असं लिहिलं की नाव नसणं हीच रीत वाटू लागते.

९ फेब्रुवारी

रंगांचा प्रश्न. अफगाणिस्तान-इराणच्या स्लाइड्स त्या काळी मिळालेल्या स्वस्त फिल्मवर आहेत आणि सगळ्या लालसर झाल्यात. अशा फिल्ममध्ये निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंगथर असतात. निळसर सगळ्यात आधी उडतो आणि उरलेल्या दोघांची लाली दिसते. पुढच्या काळातल्या कोडॅक्रोम अंधारात ठेवल्याने कालच्यासारख्या आहेत. कोडॅक्रोम २००९ मध्ये बंद झाली, आणि ती धुणारी शेवटची अमेरिकन लॅब २०१० च्या अखेरीस थांबली. पण या फिल्मला प्रोजेक्टरचा उजेड मानवत नाही. मामा गल्लीत पडद्यावर स्लाइड्स दाखवत, आणि पोरांना जी आवडे ती पुन्हा पुन्हा लावत. आता ट्रंकेत सगळ्यात फिकट आहेत त्या नेमक्या याच, सगळ्यांच्या लाडक्या. जपानमधला बर्फात उभा सायकलवाला तर जेमतेम दिसतो.

ठरवलं: मूळ स्कॅन हात न लावता ठेवायचा, रंग सुधारलेली प्रत वेगळी, आणि तिच्यावर तसं लिहायचं. सुधारताना अंदाज करायचा नाही, डायरीचा आधार घ्यायचा. बामियानच्या पानावर आहे: ‘डोंगर विटेच्या रंगाचा, संध्याकाळी गुलाबी.’ फोटो सकाळचा की संध्याकाळचा, हे सावलीवरून मामांनीच सांगितलं. सकाळचा. मग वीट.

२ मार्च

पूर्व भागातल्या एका मंगल कार्यालयात पहिलं छोटं प्रदर्शन लावलं. पाहुणे म्हणून कुणा मोठ्या माणसाला बोलावलं नाही. यंत्रमाग कामगार, विडी वळणाऱ्या बायका, शाळेतली पोरं आली. पायांच्या भिंतीसमोर सगळ्यात जास्त गर्दी होती. विडी कामगार बायका निशिजिनच्या नखांपाशी थांबून स्वतःची बोटं एकमेकींना दाखवत होत्या.

एक निवृत्त विणकर आजोबा बोनवायरच्या फोटोपाशी बराच वेळ उभे होते. मथळ्यात मी घसरणीवरचा दगड ताण ठेवण्यासाठी असल्याचं लिहिलं होतं. ते तेलुगूत मामांना हातवारे करून काहीतरी म्हणाले, आणि मामांनी जोरात मान डोलावली. मग मला मराठीत सांगितलं: “दगडाचं वजन ठरवून ठेवतात, पोरी. जड झाला तर धागा तुटतो, हलका झाला तर कापड ढिलं. दिवसातून दोनदा तरी बदलत असेल तो माणूस. सकाळी आणि दुपारी सूत सारखं वागत नाही.” ते कधी सोलापूरबाहेर फारसे गेलेले नाहीत.

१६ मार्च

नोंदवहीत नवा रकाना घातला: ‘पाहणाऱ्याने सांगितलेलं’. आजोबांचं सांगणं त्यांच्या परवानगीने, नावासकट, बोनवायरच्या फाइलला जोडलं. मामांनी ते वाचलं आणि स्वतःहून म्हणाले की उरलेल्या डब्यांसाठी त्यांच्या ओळखीच्या जॉबरांना बोलवावं. “मी पाहिलंय, पण सगळं मला कुठे कळलंय? मी चादरीचा माणूस. रंगणीचं रंगणीवाल्याला विचार.”

उझबेकिस्तानातल्या मार्गिलानचे डबे अजून लावायचे आहेत. तिथे ताण्याचे धागेच आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात. ती सगळी चौकट रंगाऱ्यांची, त्यांच्या कोपरापर्यंत रंगलेल्या हातांची. पुढच्या रविवारी दत्तनगरच्या दोन रंगाऱ्यांना चहाला बोलावलं आहे. स्लाइड्स उजेडाच्या पेटीवर ठेवायच्या, मामांना समोर बसवायचं आणि मोबाइल चालू करायचा. निगेटिव्हचा शेवटचा गठ्ठा त्याआधी उरकायला हवा, उन्हाळा सुरू झाला आहे.